‘क्लास’ लावलाय, पण सायकलचा!

लातूरमध्ये कुणाला सांगून बघा, ‘क्लास लावलाय.’ पुढचा प्रश्न ठरलेला: नीट का जेईई? ‘सायकलचा’ म्हटलं की समोरचा दोन सेकंद गप्प. मग म्हणतो, ‘अरे, सायकल तर येते की तुला! पैसे देऊन काय शिकायलास?’

तर आज जिममधल्या त्या जागेवरच्या सायकलींबद्दल बोलू. अंधारी खोली, मोठ्यानं गाणी, पुढं इन्स्ट्रक्टर आणि आपण दहा-पंधराजण घामाघूम. नांदेडचे मित्र मला यावर जे जे विचारतात, त्यातलं निम्मं तरी गैरसमजातून येतं.

‘सायकल येते’ हा पहिला. आपण बाबांच्या उंच सायकलवर कैची मारत शिकलो. त्या सायकलला फ्रीव्हील असतं, पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं. क्लासमधल्या बहुतेक सायकलींना ते नसतं. पुढं जड फ्लायव्हील, आणि ते थेट पायडलला जोडलेलं. तुम्ही थांबलात तरी ते थांबत नाही, उलट तुमचेच पाय ओढून फिरवतं. म्हणून ‘नवीन आहे, नॉब पूर्ण ढिला ठेवतो, सोपं जाईल’ हे उलटं पडतं. पाय सुसाट सुटतात, सीटवर आपटायला होतं, गुडघ्याला झटके बसतात. थोडा रेझिस्टन्स कायम लावून ठेवायचा.

सीटचंही तसंच. जमिनीला पाय टेकले पाहिजेत, ही रस्त्यावरची सवय. इथं सायकल पडणारच नाहीये, मग टेकायचं कशाला? शेजारी उभं राहून सीट कमरेच्या हाडाइतकी उंच करा. पायडल सगळ्यात खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला की झालं. सीट खाली ठेवून पाऊण तास मारली की गुडघा दुखणारच, आणि मग बदनाम होतो क्लास.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडं क्लास म्हणजे बॅच, आणि बॅचच्या मागं पडणं म्हणजे संपलंच! लातूर पॅटर्नमध्ये वाढलेलं डोकं ही भीती इथंही घेऊन येतं. शेजारची ताई उभी राहून मारतीये, म्हणून आपणही उभे. अरे, सगळ्या सायकली फरशीवर आहेत, पुढं कोण चाललंय? इन्स्ट्रक्टर ‘वाढवा’ म्हणतो, पण किती वाढवायचं ते तुमच्या हातात. तुमचा नॉब त्याला दिसतसुद्धा नाही.

हे मी गमतीत सांगत नाहीये. पहिल्याच क्लासमध्ये अंगाबाहेर जोर लावला, तर मांडीचे स्नायू अक्षरशः तुटू शकतात, आणि त्यातलं प्रथिन रक्तातून किडनीपर्यंत पोचतं. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशाच, पहिल्या स्पिन क्लासनंतर आजारी पडलेल्या पेशंटांबद्दल लिहिलं होतं. तसं हे क्वचितच होतं. पण होतं ते धडधाकट तरुणांनाही, दुसऱ्या व्यायामात तयार असलेल्यांनाही. साधं अंग दुखणं वेगळं. एक-दोन दिवसांत मांड्या सुजल्या, जिना उतरता येईना आणि लघवी कोकसारखी काळपट झाली, तर ‘होईल बरं’ म्हणत घरी पेनकिलर घेऊन पडू नका. थेट दवाखाना गाठा, आणि डॉक्टरांना क्लासचं आवर्जून सांगा.

‘हे हलकंफुलकं, नाचगाण्याचं काम’ असं जिममधली वजनवाली पोरं म्हणतात. त्यांच्यासाठी सांगतो, हा प्रकार सुरू केला जॉनी गोल्डबर्गनं, १९८० च्या दशकाच्या शेवटी, कॅलिफोर्नियात. हा माणूस ‘रेस अक्रॉस अमेरिका’ची तयारी करत होता. म्हणजे जवळपास ४,८०० किलोमीटर! तीच रेस २०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीनं पूर्ण केली. मूळ असं आहे, आणि आपण पहिल्या दिवशी पाऊण तास पूर्ण करायला बघतो. वीस मिनिटं करा, उतरा. कुणी रँक लावत नाही.

घाम म्हणजे चरबी वितळली, हे तर आपल्याकडं पक्कं बसलंय. एक लिटर घाम गेला की काट्यावर एक किलो कमी दिसतं, पाणी प्यायलात की परत येतं. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं. त्यात बंद हॉलमध्ये कूलर लावला की हवा दमट होते, घाम नुसता टपकत राहतो, वाळत नाही, आणि वाळला नाही तर अंग थंड होत नाही. त्या दिवसांत सकाळची बॅच घ्या, खिडकीजवळची सायकल पकडा, बाटली भरून न्या. गरगरलं तर थांबा.

थांबायचं कसं, हेही पहिल्याच दिवशी विचारून घ्या. उडी मारून उतरू नका, फिरतं पायडल नडगीवर बसतं. बऱ्याच सायकलींवर नॉब खाली दाबला की ब्रेक लागतो. चाक पूर्ण थांबू द्या, मग पाय काढा.