आधी आवाज, मग अक्षर

अक्षरांचे आवाज शिकवणारे व्हिडिओ आता घरोघरी लागतात. मूल पडद्यासमोर गप्प बसते, म्हणून ते शिकते आहे असे आपल्याला वाटते. अमेरिकेतल्या संशोधक पॅट्रिशिया कुल यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना त्यांनी चिनी मँडरिन ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून बाळे त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तशाच गोष्टी पडद्यावर पाहणारी बाळे मात्र शिकली नाहीत.

तीन-चार वर्षांच्या मुलाला व्हिडिओचा उपयोग होतो. पण शेजारी तुम्ही हवेत. मध्येच थांबवा, विचारा, ‘कमळातला पहिला आवाज कोणता? घरात कोणाचे नाव तसे सुरू होते?’ इंग्रजीत अक्षराचे नाव ‘एम’, आवाज मात्र ‘म्’. हा आवाज स्वच्छ उच्चारणारा व्हिडिओच निवडा. आपल्या मराठीतही गंमत आहे. ‘चमचा’ आणि ‘चंद्र’ लिहिताना च एकच, उच्चार मात्र वेगळे. हा फरक मुलाला स्वतः बोलून दाखवा, त्याच्याकडून म्हणवून घ्या.

आणि वेळ? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे: दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास. तोही कमी असेल तर उत्तम.