खूण वाचावी, चोरू नये

फौजेतून निवृत्त झाल्यापासून मी भिलाईत राहतो. संध्याकाळी पोरांचा बेसबॉलचा सराव बघायला जातो. परवा सामन्याच्या वेळी एक पोरगा मैदानाबाहेरून मोबाइलचा कॅमेरा कॅचरच्या बोटांवर रोखून बसलेला दिसला. पुढचा चेंडू कुठला टाकायचा, हे कॅचर पिचरला बोटांनी सांगतो. विचारलं तर म्हणाला, "अंकल, सिग्नल पकड़ रहा हूँ."

त्याला मी दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली, १९९९ ची मोहाली कसोटी. न्यूझीलंडच्या केर्न्सचा चेंडू रिव्हर्स स्विंग होत होता. समोरच्या टोकाला उभा सचिन चेंडूची चकाकती बाजू बघायचा आणि द्रविडला खूण करायचा. बॅट डाव्या हातात की उजव्या, अशी ती खूण. पुढे सचिननेच हे सांगितलं.

दुसरी, २०१७ च्या ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोस संघाची. कॅमेऱ्याने कॅचरच्या खुणा टिपायच्या, आत पडद्यावर वाचायच्या आणि कचऱ्याचा डबा बडवायचा. डबा वाजला तर कमी वेगाचा, वळणारा चेंडू. नाही वाजला तर वेगवान. त्या वर्षी ते वर्ल्ड सिरीज जिंकले. २०२० मध्ये संघाला ५० लाख डॉलर दंड झाला. मॅनेजर आणि जनरल मॅनेजरवर वर्षभराची बंदी आली, दोघांची नोकरीही गेली.

गुपित दोघांनीही फोडलं. पण सचिनने मैदानात उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. केर्न्सला चेंडू झाकायची मुभा होती. कॅमेऱ्यापुढे कॅचर काय झाकणार?

पोरगा हुशार. म्हणाला, "फौजेत तुम्हीही शत्रूचा वायरलेस ऐकताच ना?" मी म्हटलं, "ऐकतो. पण युद्ध संपवायचं असतं. खेळ उद्या याच पोरांशी पुन्हा खेळायचा असतो."

आणि एक धोका सांगितला. चोरी समोरच्याला कळली, तर तो गप्प बसून खोटी खूण पेरतो. वळणारा चेंडू येणार म्हणून तुम्ही पुढे झुकता आणि वेगवान चेंडू थेट अंगावर येतो.

त्याने मोबाइल खिशात टाकला. जाता जाता विचारलं, "सेकंड बेसवर पोहोचलो, तर तिथून बघू?"

म्हटलं, "खुशाल बघ. तिथे पोहोचायला आधी मैदानात खेळावं लागतं."

जय हिंद!