फ्यूज फक्त जातानाच का उडायचा?

आज पापडाचं बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज मी गाडीच्या वायरीबद्दल बोलणार आहे. रेडिओ बंद करू नका, कारण आता बऱ्याच गटांकडं रिक्षा, टेम्पो, व्हॅन असं काहीतरी आलंय, आणि त्यात बाहेरून बसवलेलं काहीतरी असतंच.

आमच्या गटानं जुनी व्हॅन घेतली. मागची सीटं काढून लोखंडी अँगलचे रॅक बसवले आणि तो बदल आरटीओकडं नोंदवून घेतला. मग तालुक्याच्या गावात एका वायरिंगवाल्याकडून मागं एलईडीची पट्टी लावून घेतली, म्हणजे पहाटे माल लावताना दिसावं. गाडी मीच चालवते. शिकले तेव्हा गावात पुष्कळ हसू झालं, ते सोडा.

गेल्या पावसाळ्यात एक दुखणं सुरू झालं. पहाटे बाजाराला निघालं की वाटेत गाडीचे मागचे लाल दिवे, नंबरप्लेटचा दिवा आणि मीटरचा उजेड एकदम बंद. पुढचे मोठे दिवे चालू, त्यामुळे चालवणारीला चटकन कळत नाही. आम्ही घाट उतरतोय, पाऊस पडतोय, मागून ट्रक येतोय आणि आमच्या गाडीला मागून एकही दिवा नाही! एकदा एक ट्रकवाला शेजारून जाताना ओरडून शिव्या देऊन गेला, तेव्हा मला कळलं. त्या दिवशी पाय लटपटले.

फ्यूज उडालेला असायचा. नवा घातला की दोन-तीन दिवस बरं, पुन्हा तेच. दोनदा मेकॅनिककडं नेली. त्यानं दिवे लावून बघितले, सगळं चालू. म्हणाला, गाडीत काही दोष नाही. तिसऱ्या वेळी वाटेत एका माणसानं मदत म्हणून उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून दिली. दिवे लागले. दोन मैल गेलो नाही तर प्लॅस्टिक जळाल्याचा वास आणि स्टिअरिंगखालून धूर. मी चावी बंद केली, सगळ्या बायकांना खाली उतरवलं. आग लागली नाही, एवढंच आमचं नशीब.

मग गटाची बैठक झाली. गटातल्या एकीच्या मुलानं रात्री चार-पाच वेळा गाडी चालवली होती, त्याच्या हातात फ्यूज कधीच उडाला नव्हता. उडायचा तो माझ्याच हातात. कुणी तोंडावर बोललं नाही, पण पगारी ड्रायव्हर ठेवू या, असा विषय निघाला. माझी जाऊ खाली मान घालून बसली होती. मला रडू आलं नाही, राग आला.

माझे मामा एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिकचं काम करून निवृत्त झालेत. त्यांना फोन केला. ते म्हणाले, आधी सांग, कधी कधी उडाला? तारीखवार सांग.

आता आपण बचत गटवाल्या, आपलं सगळं वहीत असतं. नव्या फ्यूजचे पैसे खर्चात लिहिलेले होतेच. वही काढली. सहा वेळा उडाला होता. सहाही वेळा बाजाराला जाताना, येताना एकदाही नाही. येताना अंधार पडलेला असायचा, दिवे लावलेलेच असायचे, तरी नाही. मामा म्हणाले, मग जाताना गाडीत असं काय असतं, जे येताना नसतं? मी म्हटलं, माल. तो मुलगाही रिकामी गाडीच न्यायचा. आणि मेकॅनिककडंही गाडी रिकामीच गेली होती!

आता शॉर्ट म्हणजे काय ते सांगते. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत जायचं असतं. मधे भगदाड पडलं की सगळं पाणी तिथूनच ओढ्याला मिळतं. गाडीत बॅटरीची एक तार, निगेटिव्ह, गाडीच्या पत्र्यालाच जोडलेली असते. दुसऱ्या बाजूची वायर सोलून पत्र्याला लागली की वीज दिव्यापर्यंत जायचं सोडून तिथूनच धावते. एवढी धावते की वायर तापून जळेल. ती जळण्याआधी फ्यूज स्वतः वितळून वाट तोडतो. म्हणून दहाच्या जागी तीसचा फ्यूज किंवा चांदी घातली की वितळायचं काम वायरच्या अंगावर येतं. पातीच्या फ्यूजचे रंग ओळखून ठेवा: दहा अँपिअरचा लाल, पंधराचा निळा, वीसचा पिवळा, तीसचा हिरवा. लाल उडाला तर लालच घालायचा.

शोधायची युक्ती मामांनी फोनवर सांगितली. इंडिकेटरचा २१ वॅटचा जुना बल्ब आणि त्याचा होल्डर घेतला, होल्डरला दोन वायरी जोडल्या. उडालेला फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांत या दोन वायरी लावल्या. आता वीज या बल्बातून गेल्याशिवाय पुढं जाणार नाही, आणि बल्ब जेमतेम पावणेदोन अँपिअर जाऊ देतो. कितीही शॉर्ट असो, वायर जळत नाही, फ्यूज वाया जात नाही. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो. सुरू करण्याआधी मामांनी हातातल्या धातूच्या बांगड्या आणि अंगठी काढायला लावली. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण बॅटरी आणि पत्र्याच्या मधे सोनं आलं तर ते क्षणात तापून कातडी भाजते. मंगळसूत्र मी ब्लाउजच्या आत घेतलं.

मागचे, पुढचे छोटे दिवे आणि नंबरप्लेटचा दिवा यांचे बल्ब काढले, एलईडी पट्टीचं बटण बंद केलं आणि दिव्यांचं बटण चालू केलं. आमचा बल्ब नुसता लालसर, मीटरच्या बारीक दिव्यांपुरता. म्हणजे शॉर्ट नाही. हेच मेकॅनिकला दिसलं होतं.

मग मी जावेला म्हटलं, आण गं पोती. ज्वारीच्या पिठाची पोती, लोणच्याच्या बरण्या, सगळा बाजाराचा माल आम्ही एकेक करून रॅकवर चढवला. तिसरं पोतं डाव्या रॅकवर ठेवलं आणि बल्ब भक्कन पेटला! जाऊ ओरडलीच. पोतं उचललं, विझला. ठेवलं, पेटला. पाच-सहा वेळा आम्ही तेच केलं, लहान मुलांसारखं.

पोतं ठेवूनच पट्टीची वायर तोडून बघितली. ती मागच्या लाल दिव्याच्या वायरीला जोडलेली होती. जोड सोडवताच बल्ब मंद झाला. म्हणजे दोष तिच्यातच. डाव्या रॅकचे बोल्ट काढले. वायर सरळ रॅकच्या पायाखालून नेलेली होती. वजन आलं की अँगलची धार तिच्यावर दाबायची. एका जागी प्लॅस्टिक चपटं होऊन फाटलेलं, आत तांबं, आणि अँगलवर काळा डाग.

दुरुस्तीला तासभर लागला. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढली, कारण पॉझिटिव्ह काढताना पाना पत्र्याला लागला तर ठिणगी उडते. चांदीच्या दिवशी स्टिअरिंगखाली तापलेला तुकडाही बदलला. पट्टीला नवी वायर छताकडून नेली, नळीत घालून. पत्र्याच्या भोकाला रबराची कड बसवली. आणि पट्टीला बॅटरीजवळ तिचा स्वतःचा पाच अँपिअरचा फ्यूज दिला, म्हणजे उद्या पट्टीचं काही झालं तरी मागचे लाल दिवे जाणार नाहीत. मला विचाराल तर बाहेरून काहीही बसवताना हे आधीच करून घ्यावं. वायरिंगवाल्याला मी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, ताई, रॅक नंतर बसवला असेल. खरं होतं. रॅक आम्हीच दुसऱ्या दिवशी वेल्डरकडून सरकवून घेतला होता, आणि वायर कुठून गेलीय ते कुणी बघितलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी वही आणि तो तुटका वायरीचा तुकडा मधे ठेवला. ड्रायव्हरचा विषय कुणी काढला नाही. जावेनं तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघितला, मग मला म्हणाली, मला पण शिकव गाडी. आता सोमवारच्या बाजाराला ती चालवते. बल्ब आणि होल्डर गाडीच्या खणात असतो, लाल फ्यूजच्या पाकिटाशेजारी.