आंबाडोंगरचा दगड आणि आपला सातबारा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



गावात जीप येते. दोन माणसं उतरतात, हातात टिकटिक करणारं यंत्र. बांधावरचे दगड फोडतात, पिशवीत भरतात, निघून जातात. संध्याकाळी पारावर दोन तट पडतात. एक म्हणतो, घबाड लागलं, जमिनीला सोन्याचा भाव येणार. दुसरा म्हणतो, अणूचा माल आहे, गाव उठणार. तिसरा काही बोलत नाही. तो दलाल असतो.

दगडात काही सापडणं वेगळं आणि खाण होणं वेगळं. या दोहोंतलं अंतर ज्याला मोजता येईल, तो घाबरून जमीन विकणार नाही आणि हुरळून कर्जही काढणार नाही.

उदाहरण लांबचं नको. नंदुरबारच्या धडगावकडून नर्मदा ओलांडली की गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात आंबाडोंगर लागतो. आपली काळी कापसाची जमीन ज्या लाव्ह्याच्या खडकापासून झाली, त्याच काळातला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा डोंगर. पण इथं खालून आलेला रस वेगळा होता. चुनखडीसारखा, कार्बोनेटचा. त्याला कार्बोनेटाइट म्हणतात. त्या रसानं वरचा वालुकाश्म घुमटासारखा उचलला आणि स्वतः कड्याच्या आकारात थिजला. १९६३ साली सुखेश्वाला आणि उदास या भूशास्त्रज्ञांनी हा खडक ओळखून जगापुढे मांडला.

आता त्यात थोरियम आणि दुर्मिळ मृदा कशी आली? नावात मृदा आहे म्हणून शेतातली माती समजू नका. ही सतरा धातूंची जात आहे. चुलीवर मचूळ पाणी आटवलं की शेवटी तळाला क्षार राहतो ना? तसंच हे. रस थिजताना आधी साधी कॅल्साइटची खनिजं बनली. थोरियम, लँथॅनम, सिरियम, निओडिमियम यांचे अणू त्यांत नीट बसेनात, म्हणून ते उरलेल्या रसात साठत गेले. अखेरच्या लोहयुक्त खडकात आणि त्यानंतरच्या गरम पाण्यात ते जास्त मिळतात. याच गरम पाण्यानं फ्लोरस्पार आणला: सुमारे १ कोटी १६ लाख टन खनिज, त्यात ३० टक्के फ्लोराइट.

थोरियम किरण सोडतं, म्हणून यंत्र टिकटिकतं. थोरियम हा माग, दुर्मिळ मृदा ही शिकार. पण टिकटिक म्हणजे साठा नव्हे. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागतं आणि आपल्या बोअरमधून फुफाटा उडतो, हे आपण भोगलंय. खनिजाचंही तसंच. शिर कुठं हातभर, कुठं बोटभर, कुठं गायब. ओळीनं भोकं पाडून गाभा काढून तपासल्याशिवाय कुणालाच काही सांगता येत नाही.

समजा, साठा लागला. मग जिनिंग आलं! क्विंटलभर कापसातून ३३-३५ किलो रुई निघते, आणि तीही एका यंत्रात. इथं कण बारीक, चुन्यात आणि फ्लोरस्पारमध्ये गुंतलेले. आधी पीठ करा, मग ॲसिडात विरघळवा, मग एकसारख्या स्वभावाचे धातू एकमेकांपासून सोडवा. निओडिमियमला लोहचुंबकासाठी गिऱ्हाईक आहे. थोरियमचं काय? ते उरलेल्या गाळात जाऊ शकतं. त्याची धग निम्मी व्हायला १,४०० कोटी वर्षं लागतात. म्हणून आंबाडोंगरची गोष्ट ध्यानात ठेवा. फ्लोरस्पार निघाला, त्यासाठी कडीपाणीला सरकारी महामंडळाचा कारखाना झाला. पण १९६३ नंतरच्या साठ वर्षांत तिथली दुर्मिळ मृदा बाजारात आली नाही.

आणि मालकी? सातबारा आपला, पण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४८ खनिजाचा हक्क राज्य सरकारकडे ठेवतं. थोरियमवर शिवाय अणुऊर्जा कायद्याचा पहारा. म्हणजे जमिनीखालच्या मालाचा भाव आपल्याला कुणी विचारणार नाही. आपला सौदा आहे तो वरच्या जमिनीचा, विहिरीचा आणि पिकाचा. १९५७ च्या खाण कायद्यातलं कलम २४अ सांगतं, की शोधाचा परवाना किंवा खाणपट्टा घेणाऱ्यानं जमीन कसणाऱ्याचं नुकसान भरून द्यायचं. हे दान नाही, देणं आहे.

म्हणून जीप आली की चहा जरूर पाजा, पण ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. एक, खडकात काय आहे आणि शेकडा किती? दोन, किती भोकांवरून सांगता, शिर सलग किती? तीन, माल नेल्यावर उरलेला गाळ कुठं ठेवणार, आणि आमच्या विहिरींचं पाणी आधी आणि नंतर कोण तपासणार?

उत्तरं येईपर्यंत सातबाऱ्यावर कुणाचा अंगठा नको, इसारपावती नको. पेरणीचा दिवस आला की पेरणी करा. दगड साडेसहा कोटी वर्षं थांबलाय. मृग थांबत नाही.