दुखणं घशाचं, घाव हृदयावर
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळीच्या सुमारास आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. घराला कुलूप लागतं आणि कारखान्यावरच्या कोपीत संसार मांडला जातो. थंडीत सगळे दाटीवाटीनं झोपतात. एका पोराचा घसा धरला की दुसऱ्याचा धरायला वेळ लागत नाही.

‘पडसं असेल, गुळण्या कर,’ असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. खोकला आणि वाहतं नाक असेल तर दुखणं बहुधा विषाणूंचं असतं, आपोआप बरं होतं. पण अचानक ताप आला, गिळताना दुखू लागलं, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आल्या आणि खोकला मात्र नाही, तर स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूची शंका घ्यावी.

सूक्ष्मदर्शकाखाली हा जिवाणू मण्यांच्या माळेसारखा दिसतो. रिबेका लान्सफील्ड या अमेरिकन विदुषींनी १९३३ मध्ये अशा जिवाणूंचे गट पाडले. घसा धरणारा हा ‘ए’ गटातला. मोठा बहुरूपी! आपल्या सांध्यांच्या वंगणात जो पदार्थ असतो, त्याचंच आवरण तो अंगावर घेतो. त्यामुळे शरीराला तो चटकन परका वाटत नाही. शिवाय त्याच्या अंगावर ‘एम’ नावाचं प्रथिन केसांसारखं उभं असतं. ते पांढऱ्या पेशींना त्याला गिळू देत नाही.

शरीर मग या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. घसा बरा होतो, पण काही मुलांत खरा घोटाळा पुढेच होतो. ‘एम’ प्रथिनाची ठेवण हृदयातल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असते. जंतूवर सोडलेला मारा हृदयावरही होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी, तसंच हे.

घसा दुखल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो. गुडघे, घोटे आळीपाळीनं सुजतात. हा ऱ्हुमॅटिक ताप, मुख्यतः पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना होणारा. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. पुढे कित्येक वर्षांनी मोळी उचलताना किंवा बाळंतपणात धाप लागते, तेव्हा ते कळतं.

यावरचं औषध जुनं आणि स्वस्त आहे: पेनिसिलीन. आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली ती याच औषधासाठी. इतकी दशकं वापरूनही हा जंतू पेनिसिलीनला दाद देतोच. घसा धरल्यापासून नऊ दिवसांत ते सुरू झालं तर हा ताप टळतो. मात्र डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या तर दहाही दिवस घ्याव्यात. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून पुडी फडताळात ठेवू नये.

ज्या मुलाला हा ताप येऊन गेला, त्याला तीन-चार आठवड्यांनी एक इंजेक्शन, असं कित्येक वर्षं घ्यावं लागतं. टोळी गाव सोडते तेव्हा नेमका हाच नेम मोडतो. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. आज गावोगाव आशाताई आहेत. निघण्यापूर्वी त्यांना भेटा, पुढचं इंजेक्शन कुठे मिळेल ते विचारून ठेवा. कोयत्याबरोबर पोराचं इंजेक्शनचं कार्डही आठवणीनं बांधून घ्या.