‘धर्म’ हा शब्द संदिग्ध कोणाला?

वर्षभरातील निवाड्यांचा आढावा घेणे हे विधिज्ञांच्या परिषदेच्या अध्यक्षांचे कर्तव्य होय. परंतु तो छापील अहवालात आलेला असल्याने येथे एकाच प्रश्नाकडे वळणे क्षम्य ठरावे.

मुंबई इलाख्यातून गेलेल्या रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई या अपिलात प्रिव्ही कौन्सिलने १८९९ मध्ये ‘धर्म’ या नावाने ठेवलेले दान शून्यवत ठरवले. विल्सनच्या कोशात या शब्दाचे कायद्यापासून सद्गुणापर्यंत अनेक अर्थ आढळले आणि एवढ्या पसरट उद्देशावर न्यायालयाला देखरेख ठेवता येणार नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यामागे इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयात निर्णयानिर्णयांतून घडलेले, समन्याय या नावाने ओळखले जाणारे तत्त्व होते: विश्वस्ताला जाब विचारता यायचा तर उद्देश निश्चित हवा. तत्त्व चुकीचे नव्हते. चूक एवढीच की दात्याच्या मनातला अर्थ कोशात शोधला गेला.

मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम १० ने हा निर्णय निष्प्रभ केला, आणि धर्म, धर्मादा, पुण्यकार्य अशा उद्देशांसाठी असलेली विश्वस्तव्यवस्था केवळ अनिश्चिततेच्या कारणावरून शून्य ठरणार नाही, असे स्पष्टीकरणात लिहून टाकले. (ज्या आयुक्तांवर या अधिनियमाची अंमलबजावणी सोपवली, त्यांचे पदनामच ‘धर्मादाय आयुक्त’ आहे, ही गंमत प्रिव्ही कौन्सिलला पाहायला मिळाली नाही.) तेव्हापासून एक पक्ष म्हणतो की अधिनियम स्वयंपूर्ण आहे, जुने निवाडे कपाटात ठेवावेत, या परिषदेतही तो पक्ष काल बराच वेळ बोलला.

त्याला उत्तर प्रस्तुत वक्त्याच्या वकिलीतील एका प्रकरणात मिळते. एका तालुक्याच्या गावी एका अडत्याने मृत्युपत्रात दुकानाचे भाडे ‘धर्माकडे लावावे’ एवढेच लिहिले होते. पुतण्यांनी १८९९ चा निवाडा पुढे केला, तो कलम १० पुढे टिकला नाही, आणि येथवर स्वयंपूर्णतावाद्यांचा जय झाला. परंतु भाडे खर्चायचे कशावर? कलम दान वाचवते, त्याचा उद्देश सांगत नाही. विश्वस्तांना सभामंडप बांधायचा होता. तेव्हा अडत्याच्या लाल बासनातल्या वह्या आणवल्या गेल्या, आणि ‘धर्मादा खाते’ या मथळ्याखाली वर्षानुवर्षे त्याच नोंदी निघाल्या: पाणपोईचे रांजण, पारव्यांना ज्वारी, पांजरपोळाचा कडबा, एका पोरक्या मुलाची शाळेची फी. सभामंडपाला एक पैसाही नव्हता. समोरच्या वकिलांनी वही कोणत्या कलमाखाली वाचायची असे विचारले; कलम नव्हते, दात्याचा हेतू त्याच्या वहिवाटीवरून ओळखावा हा जुना न्याय होता, आणि योजना अखेर त्या वहीवरूनच आखली गेली.

इतर कलमांचीही गत निराळी नाही. कलम ३६ खाली न्यासाची स्थावर मिळकत विकण्यास पूर्वमंजुरी देताना न्यासाचे हित पाहावे लागते, पण हित म्हणजे केवळ चढी किंमत की दात्याने जपलेली जागा, याचा तराजू कलमात नाही. भारतीय न्यास अधिनियम, १८८२ धर्मादाय देणग्यांना लागू नाही असे त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे, आणि तरीही सार्वजनिक विश्वस्ताने सामान्य सुज्ञ माणसाइतकी काळजी घ्यावी, हे त्यातले माप न्यायालये वापरतातच, कारण ते माप १८८२ च्या आधीचे आहे. नव्या पिढीच्या हाती मात्र कलमांची सूची आणि विश्वस्तव्यवस्थेतील बदल कळवणाऱ्या चेंज रिपोर्टचा नमुना एवढेच पडते, याची खंत वाटते.

या परिषदेने जुन्या दानपत्रांतील आणि वह्यांतील शब्दांचा संग्रह हाती घ्यावा. समिती कोणाची आणि खर्च कोणाचा, हे कार्यकारिणी ठरवील. आरंभ ‘धर्मादा’पासून करू नये, त्याची सोय झालेली आहे, ‘सालाबादप्रमाणे उत्सव’ या शब्दांपासून करावा, कारण त्यातले साल कोणते धरायचे यावर सध्या निदान तीन अर्ज प्रस्तुत वक्त्याच्या टेबलावर पडून आहेत.