चार कार्बनांची साखळी आणि भाताचं खाचर

कर्जत-खालापुरात लावणी उरकली की पाठोपाठ बेणणीची चिंता. मजूर मिळत नाहीत, मग दुकानातून ब्युटाक्लोर येतं. या तणनाशकाच्या रेणूत चार कार्बनांची एक साखळी असते, ब्युटिल गट. खोपोलीत घाटापाशी पंक्चरवाल्याकडे टांगलेल्या काळ्या ट्यूबा ज्या ब्युटिल रबराच्या, तेही याच चार कार्बनांच्या गोतावळ्यातलं.

ही साखळी तेलाशी सलगी करणारी, पाण्याशी फटकून वागणारी. लिटरभर पाण्यात ब्युटाक्लोर जेमतेम 20 मिलिग्रॅम विरघळतं. म्हणून ते द्रावकात कालवून विकतात. पाण्यात ओतलं की पांढरंफेक होतं. खाचरात ते मातीच्या वरच्या थराला धरून राहतं आणि साव्यासारख्या तणांचं बी रुजतं तेही तिथंच. कोंब वर येण्याआधीच खुंटतो. उगवून आलेल्या तणावर मात्र त्याची मात्रा फारशी चालत नाही. लावणीनंतर 3 ते 5 दिवसांत, खाचरात पाण्याचा पातळ थर ठेवूनच ते द्यायचं. पंधरवड्यानं मारलंत, तर पैसे पाण्यात गेले म्हणून समजा!

आणखी एक. माशांना हे फार विषारी. पावसाळ्यात आपल्या खाचरांत मासे-खेकडे असतातच, आणि वलगणीच्या माशांची चव इथं कुणाला सांगायला नको. तेव्हा फवारणीनंतर काही दिवस बांधाचं तोंड बंद ठेवा. पंप आणि रिकामा डबा उल्हास किंवा पाताळगंगेच्या पाण्यात अजिबात धुऊ नका.